दाजींचा उजवा खिसा

आमच्या दाजींइतका बसल्या जागी नाव कमावलेला नट अख्ख्या नांदेड जिल्ह्यात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, मुक्काम मुदखेड. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला, नाटकाचं वेड तेवढं धडधाकट राहिलं. मग गणपतीच्या नाटकांत ते कधी राजा, कधी न्यायाधीश, कधी खाटेवरचे पाटील आणि एकदा तर तिरडीवरचं प्रेतही झाले. पडदा उघडण्याआधी यांनी आसनस्थ व्हायचं आणि पडेपर्यंत हलायचं नाही. लंगडणं लोकांना दिसता कामा नये, हा त्यांचा हट्ट. एकदा धर्माबादला पहिल्या अंकाच्या शेवटी पडदाच अडकला. बाकीचे नट विंगेत निघून गेले. दाजींनी थोडी वाट पाहिली आणि छातीला हात लावून न्यायाधीशाला खुर्चीतच मारून टाकलं. पुढच्या अंकात निकाल द्यायचा होता, तो आता कोण देणार? नाटककार अंगावर धावून आला, तर हे शांतपणे म्हणाले, "सगळ्यांसमोर चालत जाण्यापरीस मेलेलं बरं न्हाई का?" मी पोट धरून हसलो होतो. आज ते आठवलं की माझीच लाज वाटते.

रस्त्यावरची युक्ती तर आणखी न्यारी. पँटचा उजवा खिसा अक्कानं आतून उसवून ठेवलेला. त्यातून हात घालून, गुडघा दुमडू नये म्हणून, दाजी मांडी दाबत चालायचे. बघणाऱ्याला वाटावं, साहेब खिशात हात घालून रुबाबात निघालेत. चुकून त्या खिशात टाकलेल्या किल्ल्या पुढे बुटात सापडायच्या.

मध्यंतरी लातूरला सिनेमाची माणसं नट निवडायला आली. नायक होता पोलिओ झालेला मास्तर. "आता माझा पाय कामाला येऊन राहिला बघ," म्हणत दाजी निघाले, सोबत मी. दिग्दर्शक म्हणाला, चालून दाखवा. जन्माची सवय! हात आपोआप खिशात गेला. दाजी इतक्या ऐटीत चालले, की तो म्हणाला, "काका, तुम्ही अपंग वाटतच नाही हो." दाजींनी कपाळावर हात मारून घेतला. मग हात बाहेर काढून, चारचौघांत पहिल्यांदाच, जसे आहेत तसे चालले. दिग्दर्शक उठून उभा राहिला आणि म्हणाला, "वा! हे आमच्या हिरोला शिकवाल?"

हिरो आधीच ठरला होता. चांगला पळणारा गडी. दाजींनी पंधरा दिवस जीव तोडून त्याला शिकवलं. वर आम्हालाच सांगायचे, "पोरगं गुणाचं हाय. लई मन लावून लंगडतंय."

सिनेमा नांदेडला लागला, तेव्हा आम्ही तिघं गेलो. मास्तर शाळेची पायरी चढला तशा टाळ्या पडल्या. अक्का हुंदका देत म्हणाली, "अहो, हे तर तुमचं चालणं!" दुसऱ्या दिवशी दाजी मला सोडायला मुदखेडच्या स्टेशनावर आले ते हात बाहेर ठेवून, उघड मांडी दाबत. भर गर्दीत. मला केवढा आनंद झाला!

तेवढ्यात बाकावरचा एक अनोळखी गृहस्थ हसून म्हणाला, "काका, त्या पिक्चरमधल्या मास्तराची नक्कल लई भारी करून राहिलात!"

दाजी थांबले. त्याच्याकडे बघून हसले. "हाव, जमते थोडीथोडी," म्हणाले.

मी त्या माणसाला दोन शब्द सुनावायला हवे होते. गाडी आली, मी चढलो. खिडकीतून पाहिलं, तर दाजींनी हात पुन्हा खिशात घातला होता.