इलोइलो ते व्हँकूव्हर, अनवाणी

"त्या विमानात पाय ठेवलास, तर या घरात पुन्हा ठेवायचा नाही," अमादोनं जेवता जेवताच बजावलं.

तेओदुलानं तळलेला मासा त्याच्यापुढं सरकवला. "बरं. काटे बघून खा."

मुलगी रोनालिन कॅनडात म्हाताऱ्यांची देखभाल करायला गेली, तिथं लग्नाशिवाय आई झाली, तेव्हापासून बापानं तिचं नाव टाकलं होतं. नात ताला शाळेत जायला लागली, तरी आजीनं तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. आता रोनालिनच्या पोटाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि तिथं तिचं म्हणावं असं कुणी नव्हतं. तेओदुलानं मागावर विणलेलं कापड विकून तिकीट काढलं. नवऱ्याला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

दीर नेस्तोर समजवायला आला. फोनमध्ये डोकं घालून म्हणाला, "वहिनी, इथून मनिला, आणि तिथून पुढं दहा हजार किलोमीटर! अर्धा दिवस खाली नुसता समुद्र. तुला तर बोटीतसुद्धा उलटी होते."

"होऊ दे. पिशवी देतात म्हणे."

"इंग्रजी येतं का तुला?"

"लेकीला पेज भरवायला इंग्रजी कशाला लागतं?"

नेस्तोरनं भावाच्या धाकानं गाडी काढली नाही. ती बोचकं घेऊन बसनं इलोइलोच्या विमानतळावर गेली.

मनिलाहून निघाल्यावर समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान निळ्या रंगात अडकून पडलं होतं. तिचा डोळा लागे, उघडे, विमान तिथंच. तिला सपाटून उलट्या झाल्या. शेजारचा माणूस तोंड फिरवून बसला. पाय असे सुजले की उतरताना चपला चढेनात.

"आजी, चाकाची खुर्ची मागवू?" हवाईसुंदरी तिच्याच मुलखातली होती.

"आजारी माझी पोर आहे, बाई. मी नाही."

चपला बोचक्यात कोंबून ती त्या गार फरशीवरून अनवाणी चालत गेली. दाराबाहेर रोनालिन उभी होती, वाळून काटकुळी झालेली. "आई, तुझे पाय!" म्हणून ती रडायलाच लागली.

"पाय राहू दे. तू जेवतेस की नाही?"

ऑपरेशन नीट झालं. तेओदुलानं लेकीला आल्याची पेज भरवली, तालाला आपली भाषा शिकवली, शिव्यांसकट. महिन्याभरानं अमादोचा फोन आला.

"कधी येतेस?"

"घरात पाय ठेवायचा नाही ना?"

"रागात बोललो गं."

"मग पोरीशीही बोल. तोवर मी हलत नाही." तिनं फोन रोनालिनच्या हातात कोंबला.

पलीकडं कोंबडे आरवत होते. अमादो खोकला, घसा खाकरला, पुन्हा खोकला. शेवटी म्हणाला, "तिकडं... तांदूळ बरा मिळतो का गं, इंदाय?"

रोनालिनला लहानपणी तो याच नावानं हाक मारायचा. तिनं डोळ्यांना बाही लावली. तालानंच फोन ओढून घेतला आणि आजोबाला नुकतीच शिकलेली एक शिवी ऐकवली.