खुलताबाद फाट्याला थांबणारं विमान

किस्से घडताना कळत नाही हो. त्या वेळी ती नुसती फजिती असते. मग परीक्षा होतात, पोरं पांगतात, ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे उरतात. आणि एखाद्या रिकाम्या दुपारी एकदम आठवतं, अरे, तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो! माझ्याकडं असा बराच माल साठलाय.

आमचं शिक्षण एमबीए, तेही इंटरनॅशनल टुरिझममधलं! घरी सांगितलं तेव्हा गल्लीला वाटलं, ही लक्झरी बसचं बुकिंग शिकायला चाललीय. आज मी इथंच संभाजीनगरात एका ट्रॅव्हल ऑफिसात बसून लोकांना परदेशी पाठवते. म्हणजे गल्ली फार चुकली नव्हती.

आम्ही चौघं कायम बरोबर असायचो. मी मनीषा, हर्सूलची. वंदना कन्नडहून रोज एसटीनं यायची. सोहेल खुलताबादचा आणि गणेश सिडकोतला. शिकवायला गायके सर.

* * *

पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, "विमानात कोण कोण बसलंय?"

एकही हात वर नाही. 

"बरं, एअरपोर्ट तरी कुणी बघितलंय का?"

सोहेलचा हात वर गेला. "सर, मी! नानी हजला निघाली तेव्हा चिकलठाण्याला गेलतो."

"शाब्बास! आत काय काय बघितलंस?"

"आत नाय सर. गेटपर्यंतच. नानी आत गेली, मी गेटवर रडलो."

सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "चला, एक जण तरी गेटपर्यंत पोचलाय. पुढचं माझ्याकडं लागलं!"

* * *

एकदा प्रॅक्टिकलला आम्ही वर्गातच विमान केलं. खुर्च्यांच्या रांगा, मधून वाट, खिडक्या म्हणून जुनी कॅलेंडरं. वंदना एअर होस्टेस. दुपट्टा मानेला बांधून, हात जोडून उभी. तिनं आठवडाभर इंग्रजी घोषणा पाठ केली होती. आणि खरंच, सुरुवात अशी झोकात केली की सरही सावरून बसले.

तेवढ्यात मागच्या सीटवरून सोहेल ओरडला, "ताई, खुलताबाद फाट्याला थांबवा!"

रोज एसटीनं येणारी पोरगी ती. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "मग आत्तापासनं पुढं सरका! ऐनवेळी दाराशी गर्दी नका करू!"

सर डोळे पुसत बाहेर गेले ते तास संपेपर्यंत आलेच नाहीत.

अजूनही ऑफिसात कुणाचं तिकीट काढताना कधीकधी वाटतं, आपलं ते एकच विमान. त्यात आम्ही चौघं बरोबर होतो.

* * *

आमच्या कोर्सला फ्रेंचही होतं; गणेशनं ते फार मनावर घेतलं होतं. मॅडमनी सांगितलं होतं, फ्रेंच अर्धं तोंडातून आणि अर्धं नाकातून बोलायचं. गणेश ते घरी मोठ्यानं घोकायचा. बाथरूममध्ये, गॅलरीत, जेवताना.

चौथ्या दिवशी तो वर्गात आला तर कपाळाला बाम! अंगाला निलगिरीचा वास!

"काय रे, बरं नाय का?"

"मला काय धाड भरलीय? आईला वाटतंय सर्दीनं नाक चोंदलंय. दोन दिवस झाले काढा पाजतीय!"

"मग सांग ना तिला, फ्रेंच आहे म्हणून."

"सांगितलं. ती म्हणती, काय का आसंना, काढ्यानं जातंय!"

आता गणेश पुण्यात एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या कॅब लावतो. म्हणतो, "इंटरनॅशनल नाय, पण टुरिझम तर आहेच की. रोज हिंजवडी!" आमच्यात सगळ्यात मोठ्यानं तोच हसतो. पण मध्यंतरी माझ्याकडं एक फ्रेंच बाई वेरूळची गाडी विचारायला आली, तेव्हा मी त्याला फोन लावून दिला. तो तिच्याशी बराच वेळ बोलला. बाई खूश होऊन गेली. मी फोन कानाला लावला तर पलीकडून आवाज नाही.

"गणेश?"

"आहे गं," तो म्हणाला. "समजलं तिला. सगळं समजलं!"

* * *

पासपोर्टचं सांगते. सरांचा हुकूम होता, सगळ्यांनी पासपोर्ट काढायचा. माझ्या व्हेरिफिकेशनला हवालदार आमच्या घरी आले. आता हर्सूलला मोठं कारागृह, त्यामुळं दारात पोलीस दिसला की लोकांना पहिल्यांदा जेलच आठवतं. शेजारच्या काकू पदर खोचून पळत आल्या, "कोण सुटलं गं?"

अप्पा, म्हणजे माझे वडील, पार गडबडून गेले. स्वतः उभे आणि एकट्या हवालदारांना दोन खुर्च्या दिल्या!

हवालदारांनी चहा पीत विचारलं, "कुठल्या देशात चाललीय पोरगी?"

अप्पा म्हणाले, "ते आजून ठरलं नाय साहेब. पण जाणार हाय!"

पासपोर्ट आला. अप्पांनी हळद-कुंकू लावायला घेतला, मी कसाबसा वाचवला. तो कपाटात आहे. सबंध शहराचे व्हिसे माझ्या हातून होतात, माझी पानं मात्र कोरी. मध्येच कधी जेवताना अप्पा भाकरी मोडत विचारतात, "मनू, ठरला का देश?"

* * *

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट होतं, सात दिवसांची स्वित्झर्लंड टूर आखा. आम्ही सगळ्यांनी बर्फ, बोट, रेल्वे, चॉकलेट असं ठासून भरलं. माझ्या टूरमध्ये तर माणसाला श्वास घ्यायला सवड नव्हती.

वंदनाची टूर सहा दिवस व्यवस्थित. सातव्या दिवसापुढं एकच ओळ, 'तळ्याकाठी बसणे.'

सर म्हणाले, "वंदना, सातवा दिवस राहिला की!"

"राहिला नाय सर. तेवढंच हाय."

"दिवसभर नुसतं बसायचं? लोक लाखो रुपये भरून बसायला जातील?"

वंदना उठून उभी राहिली. मग म्हणाली, "सर, मी आईला डोळ्यापुढं ठेवून लिवलंय. तिला मी कधी बसलेलीच बघितली नाय. जेवती बी उभ्यानं."



सरांनी चष्मा काढून पुसला. "ही टूर विकली जायची नाही," ते म्हणाले. मग वही परत देताना हळूच, "पण निघाली तर मला सांग. आमच्या घरातलं एक माणूस आहे."

वंदनाचं शेवटच्या परीक्षेनंतर लगेच लग्न झालं. ती आता सिल्लोडकडं असते. फोन केला की मागून भांड्यांचा आवाज येतो. मी म्हणते, "वंदे, बस की जरा." ती म्हणते, "बसलेय बसलेय!" भांडी वाजतच असतात.

* * *

आमच्यातला खरोखर विमानात बसून गेला तो सोहेल एकटा. त्याची अम्मी आम्ही शिकत असतानाच वारली. घरी थांबावं असं कुणी उरलं नाही, म्हणून आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर नोकरी धरली. वाट चुकलेल्या प्रवाशांना त्यांच्या गेटवर नेऊन सोडायचं.

तिथं एक दिवस त्याला एक नऊवारीतली आजी दिसली. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. आजूबाजूला विचारणाऱ्यांना नुसती मान हलवत होती.

सोहेल वाकून म्हणाला, "आजी, कुठून आलात?"

तिनं वर बघितलं आणि त्याचा हातच धरला. "आरं देवा, मराठी बोलतूस व्हय! कन्नडची हाय रं मी. लेकाकडं चाललेय, अमेरिकेला. इमान बदलायचंय म्हनं, कुठं बदलत्यात?"

तिच्या विमानाला वेळ होता. सोहेल म्हणाला, "मी नेतो तुम्हाला. आधी काही खाल्लंत का?"

"धपाटे हायेत की. पर एकलीला घास उतरंना. तू खा, मग मी खाते."

डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी. गणवेशातला सोहेल तिच्याशेजारी बसला. त्याला आणखी एक वाढून आजीनं विचारलं, "तुझी माय कुठं असती रं?"

"खुलताबादला," सोहेल म्हणाला.

"म्हंजी आमच्या वाटंवरच की! मंग तिला फोन करून सांग, जेवलो म्हनून. वाट बघत आसंल."

"सांगतो आजी."

त्यानं तिला गेटवर नेलं, आत बसवलं. तिनं जाताना त्याच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

हे सगळं त्यानं मला सुट्टीवर आल्यावर सांगितलं. आजी भेटली त्या दिवशी मात्र दुपारी ऑफिसात मोबाईल वाजला. माझ्यासमोर मालदीवला निघालेलं नवं जोडपं बसलं होतं. एरवी फक्त मेसेज करणारा सोहेल फोन करतोय म्हटल्यावर मी उठून बाहेर जिन्यात गेले.

"काय रे? सगळं ठीक ना?"

"सब ठीक. कामात आहेस?"

"असू दे. बोल ना."

"काही नाही," तो म्हणाला. "मी जेवलो."