मी पुसलेली अठरा मिनिटं

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पनवेलजवळ करंजाड्याला राहतो, इन्शुरन्समध्ये सर्व्हेअर आहे. पुरावा बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही सवयच. वाचून हसलात तरी चालेल... मीही हसलो असतो.

नाद एकच — कंपन्यांनी वर्धापनदिनाला मोजकीच काढलेली जुनी क्रोनोग्राफ घड्याळं जमवायचा. क्रोनोग्राफ म्हणजे ज्यात स्टॉपवॉचही असतं. वरचं बटण चालू-बंद करायला, खालचं काटे शून्यावर आणायला. असं एक उरणजवळच्या कोळीवाड्यात असल्याचं कळलं. एका जहाज कंपनीने आपल्या पन्नाशीला तीनशेच काढली होती, त्यातलं हे एकशे बारावं. घड्याळाचे मालक खलाशी होते, आता वारलेले. त्यांची बायको, काशीमावशी, द्यायला तयार होती.

स्टॉपवॉच अठरा मिनिटांवर थांबलेलं होतं.

“मी मासली घेऊन बाजारात निघाली का ते बटन दाबायचे,” मावशी म्हणाली. “परत आली का थांबवायचे, नि चिडवायचे, आज येवढा उशीर? त्या दिशी मी आली तं ते गेलेले. बटन मातर त्यांनीच दाबलेलं, अठरा मिन्टांवर. तेवढी माझी वाट बगितली त्यांनी. आता घरात ठेवलं तं बगवत नाय. तुमी जपाल. पन काटे पुसू नका, दादा.”

“शब्द देतो, मावशी,” मी म्हणालो.

आणि घरी आल्यावर तासाभरात पुसले! आमच्या घड्याळं जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायचा तर काटे शून्यावर लागतात, तशी पद्धतच आहे. अंगठा आपोआप खालच्या बटणावर गेला. लक्षात येईपर्यंत काटे शून्यावर.

घड्याळ कपाटात कुलूपबंद केलं. चावी दिलेली नव्हती, ते चालतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काढलं — काटे पुन्हा अठरा मिनिटांवर!

तिथेच हात जोडून थांबायला हवं होतं. पण मला पुरावा हवा होता ना... काटे शून्यावर आणले, व्हिडिओ काढला, कपाटाची किल्ली खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. पुन्हा शून्यावर आणले, तर नऊ. मग जेमतेम दोन.

“अहो, कोणीतरी दमतंय,” बायको कळवळून म्हणाली. “पुरे करा ना आता!”

मी ऐकलं नाही. पुन्हा एकदा बटण दाबलं, आणि त्यानंतर काटे हललेच नाहीत. आठ दिवस रोज बघत होतो. पनवेलच्या जुन्या घड्याळजींनी उघडून पाहिलं, त्यांना कसलाच दोष सापडला नाही.

मग मावशीचा फोन आला. दवाखान्यासाठी पनवेलला आली होती, एकदा घड्याळ बघू का म्हणाली. घाईघाईने चावी दिली, वरचं बटण दाबलं आणि समोर बसून राहिलो. किती लांब असतात हो अठरा मिनिटं! बरोबर अठराला थांबवलं.

मावशीने घड्याळ दोन्ही हातांत घेतलं, काचेवरून बोट फिरवलं. “जपलात, दादा,” म्हणाली, आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वर बघवेना.

ते काटे कसे सरकत होते, मला आजही माहीत नाही. मावशी दर महिन्याला दवाखान्यात येते, घड्याळ बघायला आमच्याकडे डोकावते, चहा घेते. अजून तिला सांगायची हिंमत झालेली नाही... की मावशी, आता त्या घड्याळात आहे ती वाट मी बघितलेली आहे, तुमच्या नवऱ्याने नाही.