कांबळेबाईंची लाल वेल

कुणी हातात पान दिलं की कांबळेबाई आधी ते उलटं करायच्या, मग गळ्यातलं भिंग डोळ्याला लावायच्या. "तोंड कुनीबी बघतंय. पाठ बघ की!" गारगोटीच्या कॉलेजात त्यांनी आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवलं ते असं, ओरडून. मी पुढे शिरोलीच्या फाउंड्रीत चिकटलो. बाईंना जाऊनही वर्ष झालं, पण पान दिसलं की माझा हात अजून ते उलटतो.

निवृत्तीनंतर बाई शाहूपुरीत लेकाकडे राहायच्या. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन्ही गुडघे गेलेले. खाली उतरणं बंदच झालं. "जेलात निदान अंगन तरी असतंय," म्हणायच्या. विरंगुळा म्हणून मी कॉलेजच्या भिंतीवरल्या लाकडी खोडाच्या वेलीची फांदी आणून त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीत लावली. तिसऱ्या वर्षी ग्रिलभर लालभडक फुलं आली.

मी हौसेनं मोबाईल धरला. झाडं ओळखणारं ॲप म्हणालं, अमेरिकन कॅम्पसिस. कॉलेजात कागदावर वाळवून जपलेल्या याच वेलीच्या नमुन्याखालीही बाईंच्या अक्षरात तेच नाव होतं. बाईंनी पान उलटं केलं, भिंग लावलं, मग दुसरं पान तोडून तेही उलटं केलं.

"पाठीला लव न्हाय रे. अमेरिकनला असती. ही चीनची हाय." मग म्हणाल्या, "जुन्या यादीतलं नाव उतरवून घेतलं मी. तवा पानच उलटं केलं न्हवतं. आनि तेच शिकवत बसले जन्मभर."

गारगोटीला जाऊन त्यांना ती चूक स्वतः दुरुस्त करायची होती. लेकानं आणि मी त्यांना खुर्चीत बसवून उचललं. जिन्याच्या पहिल्याच वळणावर खुर्ची कलली. बाईंनी कठडा धरला तो सोडेचनात. "वर न्या," म्हणाल्या. त्यांचा इतका हलका आवाज मी कधी ऐकला नव्हता. मला रडू आलं.

शेवटी त्यांनी बरोबर नावाची चिठ्ठी लिहून मलाच पाठवलं. नमुन्यावरची जुनी चिठ्ठी काढायची नसते. नवं नाव तिच्याखाली सहीसकट चिकटवायचं, अशी वनस्पतिशास्त्रात रीत आहे. पण तिथले तरुण सर म्हणाले, "जुनी काढूनच टाकू. बाईंचं नाव कशाला खराब?" मलाही ते पटलं. तरी फोन लावला.

"हात लावू नगासा!" बाई गरजल्या. "पोरांना दिसू दे, बाई कुठं चुकली ती."

मी चिठ्ठी चिकटवली. तसं फोनवर सांगितलं.

"फोन ठेवू नगंस," बाई म्हणाल्या. "बाहेर जा. गेटापासनं सुरू कर. काय काय फुललंय, सांग मला."