कोरड्या पायांचा हट्ट

घोटा मोडला तेव्हा मी देवाला दोष दिला नाही; आमची तेवढी ओळखच नव्हती. मी तीन हजार मीटरची स्टीपलचेस धावते. या शर्यतीत अडथळे असतात आणि त्यांतल्या एकाच्या पलीकडे पाण्याचा खड्डा. अडथळ्यावर पाय टेकून झेपावायचं आणि खड्ड्याच्या उथळ बाजूला, पाण्यातच उतरायचं, ही शहाण्यांची रीत. मी मात्र पाण्याला न शिवता थेट पलीकडे उतरायची. प्रशिक्षक ओरडायचे, प्रेक्षक टाळ्या वाजवायचे. मी प्रेक्षकांचं ऐकलं. परदेशातल्या एका स्पर्धेत तशीच उतरले आणि स्ट्रेचरवरून बाहेर आले.

हाड जुळलं, पण सरावात पाण्याचा अडथळा आला की पाय आपोआप थांबायचे. निवड चाचणी महिन्यावर आली होती. ती हुकली असती, तर माझ्या वयाकडे पाहून पुन्हा कुणी बोलावलं नसतं. घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या सत्काराचा फलक अजून लटकत होता. त्यावर माझ्यापेक्षा सत्कार करणाऱ्यांचे चेहरे मोठे होते, तरी त्याखालून जाताना लाज मलाच वाटायची.

आईनं परस्पर देवीला नवस बोलून टाकला: पाच मंगळवार अनवाणी दर्शन. नवस तिचा, पाय माझे. विश्वास नव्हता, पण तिच्याशी वाद घालायची ताकदही उरली नव्हती.

तिसऱ्या मंगळवारी कालव्याला पाणी सुटलं होतं. वाटेतली चारी, म्हणजे शेतांकडे पाणी नेणारा पाट, भरून वाहत होती आणि ओलांडायची फळी कुणीतरी काढून नेली होती. रुंदी जेमतेम चार हात. मी मागे सरून धावले आणि काठाशी थांबले. पुन्हा धावले, पुन्हा थांबले. पलीकडे कपाशी खुरपणारी एक वयस्कर बाई हा तमाशा पाहत होती.

"काय करून राह्यली गं माय?"

"देवीला जायचंय, मावशी. उडी जमत नाही."

"उडी मार म्हनलं कुनी? गुडघाभर बी न्हाई पाणी. घाल पाय." मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. "देवाला अनवाणी निघाली अन् पाय कोरडे पायजेत व्हय? बिलकुल शानी हायेस!"

मी पाय घातला. पाणी गार होतं, गाळ मऊ. तिनं हात देऊन वर घेतलं. मी तिथूनच वळले आणि धावत येऊन सरळ पाण्यात उडी घेतली. मग पुन्हा. पाचव्या खेपेला ती म्हणाली, "आता जा जल्दी, देवी जेवायला बसंल."

चाचणीत सातही वेळा पाण्यात उतरले. परदेशातल्या स्पर्धेसाठी निवड झाली.

चमत्काराच्या गोष्टींत अशी बाई नंतर कुणाला सापडत नाही. मला सापडली, त्याच शेतात. सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "अन् पाण्यात पाय घालायला तुला विमानानं नेत्यात?" मी पाया पडायला वाकले, तर मागे सरली. "देवीच्या पड."

म्हणून देवीपुढे गेले. हात जोडले, पण मागण्यासारखं काही सुचेना. त्या दिवशी त्या बाईला तिथं देवीनं उभं केलं की कपाशीतल्या तणानं, हे मी ठरवू शकत नाही, आणि आता ठरवायचंही नाही. एवढंच उमगलं, की ज्या पाण्याला मी वर्षानुवर्षं चुकवत आले, तेच मला अलगद उतरवून घ्यायला तिथं थांबलं होतं.