पिवळ्या जॅकेटच्या मागून

मी सायकलवर उशिरा बसले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. नवऱ्याला माउंटन बायकिंगचं वेड लागून तेव्हा सात वर्षं झाली होती. दर शनिवारी तो जंगलातल्या वाटांवर जायचा आणि मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत वाचत बसायचे. एका शनिवारी पुस्तक कंटाळवाणं निघालं आणि मी म्हटलं, मलाही एक सायकल घेऊ या. त्यानंतरची आठ वर्षं मी त्याच्या पाठीकडे बघत सायकल चालवली. तो पुढे, मी मागे. चढावर तो वर पोचून पाणी पीत थांबलेला असे आणि मी धापा टाकत आले की म्हणे, "आलीस? चल." म्हणजे मला विश्रांती नाहीच.

त्याच्या रिटायरमेंटनंतर आम्ही इटलीला जायचं ठरवलं. तिथे टेकडीवर तटबंदी असलेलं एक मध्ययुगीन गाव आहे, भोवती द्राक्षांच्या बागा, आणि त्या बागांमधून सायकलीच्या वाटा. प्रॅक्टिस म्हणून आधी आपल्या इथल्याच द्राक्षांच्या टेकड्या करून बघाव्यात, असं त्यानेच सुचवलं. म्हणून ऑक्टोबरमध्ये आमच्या पार्सिपनीच्या घरून निघून आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात गेलो. तिथे लांबट, अरुंद तळी आहेत आणि त्यांच्या काठांवरून चढत गेलेल्या टेकड्यांवर मैलोगणती द्राक्षं. तोडणी चालू होती. हवेलाच जांभळ्या द्राक्षांचा वास होता, गोड आणि थोडा आंबूस. चार तास गाडी त्यानेच चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकली उतरवल्यावर तो म्हणाला, "आज तू पुढे हो."

"मी? मला वाट माहीत नाही."

"मॅप आहे ना फोनवर. हो पुढे. आणि ते पिवळं जॅकेट घाल, थंडी आहे."

मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. आठ वर्षांनी बढती मिळाल्यासारखं. मी जॅकेट घातलं आणि निघाले. वाट आधी जंगलातून वर चढत होती, मग बागांच्या कडेने. डावीकडे वेलींच्या ओळी, खाली तळं. मी अधूनमधून मागे वळून बघायचे, तर तो अगदी जवळ, माझ्या चाकाला चाक लावून. "इतका जवळ नको ना येऊस," मी म्हटलं. तो म्हणाला, "बरं," आणि तितकाच जवळ राहिला.

टेकडीच्या माथ्यावरून खडीचा एक लांब उतार होता. खाली वळणावर तोडणीच्या रिकाम्या क्रेट्सची उतरंड रचून ठेवली होती, वाटेच्या उजव्या कडेला, चांगली छातीइतकी उंच. लाल रंगाचे क्रेट. मी डावीकडून सहज गेले. मागे मोठा आवाज झाला. वळून बघते तर क्रेट सगळीकडे पसरलेले, सायकल आडवी आणि तो खांदा धरून खडीत बसलेला.

मी धावले. हेल्मेटला चीर गेली होती, पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. उजवा हात मात्र उचलता येत नव्हता. फोनला सिग्नल नव्हता. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. "एवढे मोठे लाल क्रेट दिसले नाहीत तुला?" मी ओरडले.

तेवढ्यात खालच्या रस्त्याने एक बाई सायकलवरून चढ चढत आली. साठीची असेल. पायघोळ गडद फ्रॉक, डोक्याला पांढरी टोपी. त्या भागात मेनोनाइट पंथाची शेतकरी कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यातले बरेच जण मोटारी ठेवत नाहीत, घोड्याच्या बग्गीतून किंवा सायकलवरून हिंडतात. जुनी, जड सायकल होती तिची, पण तो चढ ती न उतरता चढून आली. सायकल लावून ती त्याच्या शेजारी गुडघ्यावर बसली, बोटांनी त्याचं गळ्याजवळचं हाड चाचपलं आणि म्हणाली, "हे मोडलंय बहुतेक. माझ्या मुलांची दोनदा मोडली आहेत. भरून येतं."

मग तिने आपल्या बास्केटमधून पाण्याची बाटली काढली आणि त्याच्यापुढे धरली, त्याच्या उजव्या बाजूने. त्याने ती घेतली नाही. तो समोर बघत राहिला. मला वाटलं, धक्का बसला असेल. तिने क्षणभर वाट पाहिली, बाटली हळूच त्याच्या नाकासमोर आणली, आणि तेव्हा त्याने दचकून ती डाव्या हातात घेतली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बाजूचं किती दिवसांपासून दिसत नाही यांना?" तिने विचारलं. "माझ्या आईचं असंच होतं."

मी म्हटलं, "नाही, नाही, यांचे डोळे चांगले आहेत." आणि त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली होती.

बागेतल्या माणसांना बोलवायला ती बाई उतारावरून खाली गेली. आम्ही दोघं खडीत बसून राहिलो. मग तो मराठीत, अगदी हळू बोलायला लागला. काचबिंदू. फेब्रुवारीत कळलं. ड्रॉप्स चालू आहेत, अंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये घालतो. आहे ते टिकेल, पण गेलेलं परत येणार नाही. "बाबांचं असंच गेलं होतं," तो म्हणाला. "शेवटी ते ताटातली भाजी बोटांनी शोधायचे. आई वाटीला त्यांचा हात लावून द्यायची. मला ते तुला सांगता येईना."

मला एकेक गोष्ट आठवत गेली. उघड्या डिशवॉशरच्या दारावर आपटून निळी पडलेली नडगी. संध्याकाळनंतर कुणाकडे जेवायला बोलावलं की "आज कंटाळा आलाय, कॅन्सल कर." मी त्याला आळशी म्हणाले होते. मैत्रिणींमध्ये त्यावरून विनोदही केले होते.

"आणि काल चार तास ड्राइव्ह केलंस," मी म्हटलं.

"हायवेवर सरळच तर असतं."

"लोक असतात रस्त्यावर. मी होते शेजारी."

त्यावर तो रडला. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्याला दोनदाच रडताना पाहिलं होतं. त्याचा डावा हात धरून मी बसले. राग गेला नव्हता, पण तो हात सोडवेना.

बागेच्या पिकअपमधून आम्ही डॉक्टरकडे गेलो. हाड मोडलंच होतं. हात झोळीत बांधून आम्ही हॉटेलवर आलो तर दारात जांभळ्या द्राक्षांचा 'पाय', म्हणजे आत सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, ठेवलेला होता, कागदात गुंडाळून. कुणी ठेवला ते सांगायला नको. तिचं घर शोधून आभार मानायला गेले, तेव्हा ती परसात कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "तुमच्या आईचं पुढे काय झालं?" ती म्हणाली, "पुढे बरीच वर्षं जगली. आम्ही खुर्च्यांच्या जागा बदलायच्या नाहीत, एवढंच शिकलो."

परतताना चारही तास गाडी मी चालवली. वाटेत बॉस्टनला राहणाऱ्या आमच्या मुलीला स्पीकरवर फोन लावून त्याने स्वतःच सगळं सांगितलं. तिने आधी फ्रॅक्चरचं, मग ड्रॉप्सचं विचारून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, यू शुड हॅव टोल्ड अस." तो म्हणाला, "हो." वाद घातला नाही. इटलीचं बुकिंग आम्ही त्याच आठवड्यात कॅन्सल केलं. गाडी चालवणं त्याने आपणहून सोडलं. हे लिहायला एक ओळ लागली, पण तो सगळा हिवाळा घरात फार जड गेला. तो खिडकीशी बसे आणि मी दुकानात निघाले की अपराधी चेहऱ्याने कोट घालून येई.

वसंतात मी एक जुनी, दोघांनी चालवायची सायकल आणली. पुढे मी, मागे तो. पहिले चार रविवार आम्ही नुसते भांडलो. मी ब्रेक लावला की तो जोरात पेडल मारायचा. "सांगून ब्रेक लाव ना!" "सांगायला वेळ कुठे असतो?" शेवटी मी सगळंच बोलत चालवायला शिकले. डावीकडे वळण, पुढे खड्डा, थांबतेय.

डोंगर आता बंद. वेस्ट विंडसरजवळच्या कालव्याच्या काठाने सपाट वाट आहे, तिथे जातो. मागच्या महिन्यात मी म्हटलं, "उजवीकडे पाण्यात बगळा आहे. थांबतेय." आम्ही पाय टेकले. त्याने मान उजवीकडे वळवली, अजून थोडी, अजून थोडी, जवळजवळ खांद्यापर्यंत.

"कुठे?"

"पडलेल्या झाडापाशी."

बराच वेळ गेला. मागून येणारे दोन जण वळसा घालून पुढे गेले. मग तो म्हणाला, "हां. सापडला. केवढा मोठा आहे यार." आणि बगळा उडेपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो.