आत ओढलेला होकार

स्वीडनच्या उत्तरेकडील माणसे पुष्कळदा ‘हो’ म्हणत नाहीत. ओठ किंचित आवळून श्वास आत ओढतात. मुलीच्या शेजारी राहणाऱ्या इंग्रिडबाईंनी प्रथम तसे केले, तेव्हा त्यांना काही दुखले-खुपले असावे, असे मला वाटले. मुलगी हसू लागली. “अगं आई, त्या हो म्हणाल्या!”

साठीनंतर मी स्वीडिश शिकायला बसले आहे. व्याकरण जमते, माणसासमोर मात्र वाक्य घशातच थांबते. “चुकलं तर चुकलं गं. त्या काय परीक्षा घेणार आहेत?” असे मुलगी कामावर जाताना रोज म्हणते. मग घर फार शांत होते. भिंतीपलीकडे इंग्रिडबाईही एकट्याच असतात.

त्या श्वासाने मला फार मागे नेले. वेणी घालताना आई रिबीन दातांत धरायची. “आई, शाळेतून तशीच सुमनकडे जाऊ?” असे विचारले, की तिला तोंड उघडता येत नसे, ती नुसता श्वास आत ओढायची. मानेमागून तो आवाज आला, की परवानगी मिळालेली असे. मग रिबिनीची गाठ मारून ती पाठीवर हलकेच थाप द्यायची. ती गेल्यापासून तो होकार मी कुठेच ऐकला नव्हता.

आज इंग्रिडबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. “कॉफी घ्यायला येता?” त्यांनी विचारले. पाठ केलेले वाक्य नेहमीप्रमाणे घशात थांबले. मी ओठ आवळले आणि श्वास आत ओढला.

त्या हसून बाजूला झाल्या. उंबऱ्यापाशी बूट काढताना पाठीवर ती थाप जाणवली.